गल्लीतल्या गाड्या



पुण्यातल्या पेठा घ्या, नाहीतर नाशिकची पंचवटी. रात्री अकरानंतर गल्लीच्या दोन्ही कडांना दुचाकी उभ्या असतात. वाडे आणि चाळी बांधल्या तेव्हा पार्किंगचा प्रश्नच नव्हता. आज घरात दोन-दोन गाड्या आहेत आणि जागा मात्र तेवढीच.

चोराला हे ठाऊक असतं. हँडल लॉकवर विसंबून राहू नका, ते जोराच्या हिसक्याने तुटतं. पुढच्या चाकाला जाड साखळी आणि कुलूप लावलं, तर चोराचा वेळ जातो, आवाजही होतो. त्याला नेमक्या याच दोन गोष्टी नको असतात.

गाडी गेली की आपण काय करतो? मित्राने नेली असेल, टोइंगवाल्यांनी उचलली असेल, म्हणत दिवस काढतो. ही चौकशी तासाभरात उरका आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. चोरलेली दुचाकी पुष्कळदा सोनसाखळी ओढायला वापरली जाते, आणि मग कॅमेऱ्यात नंबर तुमचा दिसतो. विम्यासाठीही एफआयआर आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या लागतात. निव्वळ थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही. आपली पॉलिसी आज रात्रीच काढून बघा.

पण या चोऱ्या चालतात कशावर? गिऱ्हाइकावर. ‘कागदपत्रं पुढच्या आठवड्यात देतो’ असं सांगून निम्म्याहून कमी भावात गाडी विकली जाते, आणि घेणारा आपल्यासारखाच संसारी माणूस असतो. मला या माणसाचा चोराइतकाच राग येतो. कारण त्याने घेतलेली गाडी कुणा डिलिव्हरीवाल्या पोराची, कुणा नर्सताईची रोजची भाकरी असते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला 3 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

वस्तीने रात्री जागं राहावं, गस्त घालावी, हे मला पटतं. मात्र काठ्या घेऊन नव्हे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. त्यांचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

म्हणून गाड्यांपाशी कुणी अनोळखी घुटमळताना दिसला, तर खिडकीतून मोठ्याने विचारा, ‘कुणाकडे आलात?’ शेजारच्या दोन खिडक्या उघडू द्या. तो पळाला, तर मागे धावू नका. 112 लावा, त्याचे कपडे, तो गेला ती दिशा, सोबत गाडी असेल तर तिचा नंबर सांगा, आणि पोलीस येईपर्यंत फोन हाताशी ठेवा.