हौद कुणाचा?

पुण्याच्या जुन्या पेठांत पत्ता सांगण्याची एक खास रीत आहे. 'फडके हौदापाशी उतरा', 'बाहुलीच्या हौदाजवळ कुणालाही विचारा', 'पंचहौदाच्या अलीकडे थांबा'. रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ही नावं पाठ असतात. पण या हौदांत पाणी कुठून यायचं, ते कुणी आणलं, कुणाला भरता यायचं आणि कुणाला नाही, असं विचारलं तर पेठेत जन्म काढलेली मंडळीही घुटमळतात. जुने वाडे, देवळं, शिलालेख बघत हिंडण्याचा मला नाद आहे. त्या नादातच या हौदांची ओळख झाली. आज त्यांच्याविषयी थोडं बोलायचं आहे.

शनिवारवाडा उभा राहिला, पेठा वसू लागल्या, तशी माणसं वाढली आणि पाणी अपुरं पडू लागलं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधून घेतला आणि तिथून पाणी थेट शहरात आणलं. अंतर आठ-दहा किलोमीटरचं. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर, शहर मुठेच्या बाजूला उतरत गेलेलं. या उताराचाच उपयोग करून जमिनीखालून दगडी बांधकामाचा नळ आणला. नळ म्हणजे आपल्या मोरीतला नळ नव्हे. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढा तो भुयारी मार्ग. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे उभी धुराडी बांधली. कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडायची आणि पाण्याचा जोर आवरायचा. पुढे नाना फडणीस आणि रास्ते यांनीही आपापल्या बाजूने शहरात पाणी आणलं.

हे पाणी पेठापेठांतल्या हौदांत पडायचं आणि तिथून लोक घरी न्यायचे. हौद म्हणजे पेठेचा सार्वजनिक रांजण. सकाळची घागरींची गर्दी, भांडणं, बातम्या, सोयरिकी, सगळं तिथेच. पाणी कमी आलं की साऱ्या पेठेला एकाच वेळी कळायचं आणि गढूळ आलं की सगळ्यांनाच काळजी पडायची.

श्रोतेहो, इथे मात्र 'सगळे' हा शब्द जपून वापरायला हवा. हौद सार्वजनिक होते, पण सगळ्यांचे नव्हते. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांना भरल्या हौदापासून दूर उभं राहावं लागे. कुणी वरून पाणी घालील तेव्हा मिळेल. म्हणूनच १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात कात्रजच्या तलावाइतकीच मोठी आहे. त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानग्या मुलीच्या, काशीबाईच्या, स्मरणार्थ हौद बांधला आणि तोही सर्व जातींना खुला ठेवला. त्यावर बसवलेल्या मुलीच्या पुतळ्यामुळे लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणू लागले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह जावं लागलंच. ठराव कागदावर होता, ओंजळीत पाणी अजून यायचं होतं.

पुढे खडकवासल्याचं धरण झालं आणि हळूहळू घरोघरी नळ आले. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, हे फार चांगलं झालं. पाणवठ्यावरची शिवाशिवही त्यामुळे पुष्कळ कमी झाली. पण पाणी घरात आलं, तसं हौदाकडे लक्ष देणारं कुणी उरलं नाही. त्याची आठवण झाली ती १९६१ साली. १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही फुटलं. अर्धं शहर पाण्याखाली आणि नळ कोरडे! त्या दिवसांत जुन्या विहिरी आणि हौद यांनीच पुष्कळांना आधार दिला, असं त्या पिढीतले लोक सांगत आले आहेत. बांधणाऱ्या नानासाहेबांच्या मृत्यूला त्या वर्षी बरोबर २०० वर्षं झाली होती.

त्यानंतर आपण काय केलं? वाडे पाडून इमारती उठवल्या. तळघरं खणताना, रस्ते उकरताना भुयारी नळ लागला की कुठे तो फोडला, कुठे बुजवला, तर कुठे सांडपाण्याची वाट त्यातच काढली. तलावाच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली आणि तिचं मैलापाणी तलावात येऊ लागलं. हौदांचं म्हणाल, तर कुठे कचरा, कुठे पोस्टर, कुठे त्याच्याच कठड्याला टेकून टपरी.

हे सगळं महापालिकेच्या नावावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण २००६ पासून पुण्यात नागरिकांना आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतील अशी पद्धत सुरू झाली. तेव्हा आपण काय सुचवलं? बहुतेक ठिकाणी फरसबंदी आणि बाकडी. हौदातला गाळ काढा, भुयारी नळ गेलाय तिथे खणण्याआधी नकाशा बघा, हौदाशेजारी चार ओळींचा फलक लावा, ही काही फार खर्चाची कामं नव्हेत. फक्त कुणीतरी अर्ज भरायला हवा.

आणि त्या फलकावर पाणी कुणी आणलं हे जसं लिहायचं, तसंच ते कुणाला नाकारलं गेलं आणि कुणी खुलं केलं, हेही लिहायला हवं. नुसत्या पेशवाईच्या अभिमानाने हौद जपले, तर आपण अर्धाच इतिहास जपला असं होईल. पोरांना दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी वाचायला मिळू देत.

तुम्ही पुण्यात राहत नसाल, तरी तुमच्या गावात बारव असेल, आड असेल, तळं असेल. या रविवारी सवड काढून तिथवर जाऊन या. पाणी आहे का बघा, कुणी बांधलं ते विचारा आणि कोण कोण तिथे पाणी भरत असे, हेही विचारा. हा तिसरा प्रश्न विचारल्यावर म्हातारी माणसं थोडी थांबतील. तेव्हा घाई करू नका, ऐकत बसा.