पूर ओसरल्यानंतरचे भांडवल

वडोदरा सोडून अहमदाबादेकडे निघालेली गाडी प्रथम बाजव्यास लागते. खतकारखान्याच्या शेजारच्या अशा गावात दुरुस्तीची, सुट्या भागांची दुकाने तरुणच काढतात.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी वडोदऱ्याच्या बाजारपेठांत शिरले. सरकारने हातगाडीवाल्यास 5 हजार, पक्क्या दुकानास 85 हजार रुपये साहाय्य जाहीर केले. व्याजसवलतीचे 20 लाखांपर्यंतचे कर्ज मात्र ज्याची मासिक उलाढाल 5 लाखांहून अधिक, त्यालाच! दोन वर्षांपूर्वी दुकान थाटलेल्या तरुणाने यंत्र कशातून घ्यावे?

मुद्रा कर्जास 2015 पासून तारण लागत नाही, हे खरे. परंतु एखादा हप्ता थकला की पतनोंद आडवी येते. आणि हप्ता थकतो तो पुरामुळेच. ही विपरीत गोष्ट कागदावर दिसत नाही. आपत्तीग्रस्तांच्या कर्जाची फेरबांधणी करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे, पण ती किती कर्जदारांस ठाऊक असते?

याच वडोदऱ्यात 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी ‘अन्योन्य’ सहकारी मंडळी स्थापिली. परस्परांची ओळख हेच अशा मंडळ्यांचे मूळ तारण. बँकेच्या संगणकास ती ओळख नसते. म्हणून तरुण दुकानदारांनी हप्ता थकण्यापूर्वीच बँकेस लेखी अर्ज द्यावा, पंचनाम्याची नक्कल जोडावी आणि पोच मागून घ्यावी.