दीडशे ग्रॅमचा योद्धा



१९९४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मार्क थॉर्प यांनी ‘रोबोट वॉर्स’ ही यंत्रयुद्धाची स्पर्धा प्रथम भरविली. पुढे ती ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली. तेथेच १५० ग्रॅमचा, मुंगीच्या नावाचा ‘अँटवेट’ गट रुजला. आपल्या पवईच्या ‘टेकफेस्ट’मध्येही यंत्रे झुंजतात, ती मात्र किलोंनी मोजली जातात.

या छोट्या गटातील यंत्र आरंभी चार इंचांच्या घनात मावावे लागते. एवढ्यात चाकांच्या मोटारी, बॅटरी, रेडिओ-ग्राहक, शस्त्र आणि कवच बसवायचे! नवखा विद्यार्थी जाड पत्र्याचे कवच करतो आणि शस्त्राला वजनच उरत नाही. वास्तविक फिरत्या चकतीचा वेग दुप्पट केला, तर तिची ऊर्जा चौपट होते. पण उभी चकती अतिवेगाने फिरत असता यंत्र झटकन वळविले, की एक चाक जमीन सोडते. लोभाला असा लगाम यंत्रच घालते.

खरी कसोटी लढतीपूर्वीची. परीक्षक हातातील प्रक्षेपक बंद करावयास सांगतात. संदेश तुटताच शस्त्र थांबले पाहिजे. न थांबल्यास महिनोन्महिने राबून घडविलेले यंत्र आखाड्यात उतरतच नाही. आखाड्याबाहेर चकतीला खीळ घातलेली असावीच लागते, कारण ही चकती बोट तोडू शकते आणि दुखावलेली लिथियम बॅटरी पेट घेते. मुलांना मात्र ती घरी फिरवून पाहण्याची घाई! पालकांनी ती चाचणी जेवणाच्या मेजावर होऊ देऊ नये; पॉलिकार्बोनेटच्या जाड, बंद पेटीतच ती व्हावी.