परसातला पाहुणा
(संस्थेच्या वर्धापनदिनी इंदूर येथे केलेले भाषण)



गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या माझ्या नातीने विचारले, "आबा, तुमच्या बागेत हमिंगबर्ड कसे येतील?" मी म्हटले, "बाळ, ते येणार नाहीत. त्यांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत, पण त्या साऱ्या अमेरिकेच्या दोन खंडांतल्याच. मात्र त्यांचेच काम करणारा शिंजीर आपल्या दारी आहे."

शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. लांबी जेमतेम चार इंच, चोच बारीक आणि बाकदार. विणीच्या दिवसांत नर उन्हात जांभळानिळा झळकतो. मादी वरून मातकट, पोटाशी पिवळसर. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मधुरस पितो. आपला शिंजीर बहुधा डहाळीवर बसून पितो. कुळे निराळी, व्यवसाय एक.

त्याला बोलावण्यास खर्च नाही. तिकडे हमिंगबर्डसाठी एक भाग साखर व चार भाग पाणी घालून बाटल्या टांगतात. इथे त्याची गरज नाही. एकेरी पाकळ्यांची जास्वंद, कर्दळ व हॅमेलिया लावावी. जागा असल्यास पांगारा लावावा. केळफुलावरही तो हटकून येतो. उथळ पाण्याची थाळी ठेवावी. औषधाची फवारणी मात्र टाळावी. कारण पिल्ले मधुरसावर वाढत नाहीत, त्यांना किडे आणि कोळी भरवावे लागतात.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी पाडव्याची साफसफाई करताना ओसरीतल्या तारेला लोंबणारे जळमट मी केरसुणीने ओढून काढले. खाली पडल्यावर पाहतो तो त्यात दोन अंडी, फुटलेली! ते शिंजिराचे घरटे होते. गवत, सालींचे तुकडे आणि कोळ्याची जाळी यांनी मादी ते एकटीच विणते. दारावर छोटी पडवीही काढते. अंडीही तीच उबवते. ती मादी दोन दिवस त्या तारेवर येऊन बसत होती. तेव्हापासून आमच्या घरी चैत्रात ओसरीला केरसुणी लावण्यापूर्वी आधी वर पाहण्याचा नियम आहे.

हे आजच सांगण्याचे कारण असे. आपल्या आवारात फरशी घालण्याचा विचार चालू आहे. सोय होईल, हे मला मान्य आहे. परंतु विहिरीकडची जास्वंदीची रांग आणि केळी तेवढ्या राहू द्याव्यात, अशी विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे. आपले वाडवडील या मुलखात परके म्हणून आले आणि इथल्या लोकांनी त्यांना जागा दिली. चार इंचांच्या पाहुण्याला चार हात जागा देणे आपल्याला जड जाऊ नये.