डोक्याला मार लागल्यानंतरचे तास

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणावरून)



मी डॉक्टर नाही, साधा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. तरी आज मेंदूवर बोलायला उभा आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझे मामा पुण्यात स्कूटरवरून पडले. पहिल्या दिवशी ते हॉस्पिटलमधून माझ्याशी फोनवर नीट बोलले. तिसऱ्या दिवशी मेंदूला सूज येऊन ते व्हेंटिलेटरवर गेले. "परवा तर बोलत होते ना?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारत होतो. उत्तर शोधताना जे वाचलं, ते सांगतो.

मेंदूची इजा दोन टप्प्यांत होते. पहिली आदळल्या क्षणी. दुसरी त्यानंतर काही तास, कधी काही दिवस चालू राहते.

१४ ऑगस्ट २००३ आठवतो? ओहायोत काही तारा झाडांना लागून बंद पडल्या, भार शेजारच्या तारांवर गेला, त्याही पडल्या. कंट्रोल रूममधली अलार्मची यंत्रणा आधीच बंद. शेवटी सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली! मेंदूतही असंच होतं. दुखावलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे रसायन भरमसाट बाहेर पडतं. एरवी ते निरोप्या, पण जास्त झालं की शेजारच्या पेशींची दारं उघडीच ठेवतं. मग कॅल्शियम आत घुसतं. पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असायला हवं. वाढलेल्या कॅल्शियममुळे पेशीचाच सांगाडा तोडणारी एन्झाइम्स जागी होतात. पेशीचं पॉवर हाऊस, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडतं आणि फ्री रॅडिकल्स तयार होतात. मेंदूच्या संरक्षक पेशी खवळतात, रक्तवाहिन्या झिरपू लागतात, सूज येते. कवटी काही फुगत नाही! आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो आणि आणखी पेशी मरतात. आमच्या भाषेत, इन्फिनिट लूप.

ही साखळी तोडणारं औषध अजून नाही. स्टिरॉइड्स वर्षानुवर्षं दिली जात. २००४ मध्ये दहा हजार रुग्णांवरच्या 'क्रॅश' चाचणीत दिसलं की त्यांनी मृत्यू उलट वाढतात. म्हणून डॉक्टर धडपडतात ते ऑक्सिजन आणि रक्तदाब घसरू नये, रक्तस्राव वेळेत सापडावा, यासाठी. २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात स्कीइंग करताना पडल्या. सुरुवातीला त्यांनी मदत नाकारली. डोकं दुखू लागलं सुमारे तासाभरानं. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनी त्या गेल्या.

तेव्हा मंडळी, "काही नाही, टेंगूळ आलंय" म्हणून विषय संपवू नका. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, फिट, असंबद्ध बोलणं, एक बाहुली मोठी दिसणं, झोपेतून उठवता न येणं, यातलं एकही दिसलं तर तडक ९११. आणि भारतातून आलेले आई-बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी दाखवा. इन्शुरन्सचा हिशेब नंतर.

मामा आता हिंडतात-फिरतात, पण भाच्यांची नावं चुकतात. हेल्मेट डिकीत होतं.

दिवाळीच्या शुभेच्छा!