जुना कागद काय सांगतो



आज आपण जुन्या कागदांविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, ‘राजे गेले, वतने गेली. आता त्या कागदांचे काय करायचे?’ पण जरा ऐकून घ्या.

पूर्वी गावचा कारभार पाटील पाही. हिशेब कुलकर्णी लिही. पुष्कळ गावांवर मिळून एक देशमुख असे. ही वतने बापाकडून मुलाकडे जात. वतन म्हणजे मान आणि वतन म्हणजे उत्पन्न. त्यासाठी भाऊ भावाशी भांडे. मग भांडण गोतसभेपुढे जाई. गावचे आणि आसपासचे लोक जमत. साक्षी होत, निवाडा होई आणि त्याचा कागद होई. त्याला महजर म्हणत. त्यावर पाटलाच्या नावापाशी नांगराची खूण असे, न्हाव्याच्या नावापाशी आरशाची. ज्याचे जे हत्यार, तीच त्याची निशाणी.

असे कागद वाड्यांतल्या माळ्यांवर पडून होते. कित्येकांना वाळवी लागली. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले आणि त्यांनी ते गोळा केले. १८९८ साली त्यांनी जुन्या कागदांचा पहिला खंड छापला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. तेथेही असे कागद जपून ठेवले आहेत. बहुतेक मोडीत आहेत.

पण कागद जुना म्हणून खरा, असे नाही बरे का! वतनासाठी लोक खोटे कागदही करीत. म्हणून अभ्यासक शिक्का पाहतात, तारीख पाहतात, अक्षर आणि भाषा पाहतात. मग विचारतात, हा कोणी लिहिला? कोणाच्या सांगण्यावरून? यात फायदा कोणाचा?

एक उदाहरण घेऊ. देशमुख कोट बांधून बळावले होते, ते कोट शिवाजी महाराजांनी पाडले, असे सभासदाच्या बखरीत आहे. महाराज १६८० साली वारले. बखर त्यानंतर जिंजीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. म्हणून अभ्यासक ती त्या काळच्या पत्रांशी ताडून पाहतात. एका साक्षीवर निवाडा करीत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगतो. महजरात शिवेची साक्ष द्यायला महार असे. पण त्याच्या चुलीवर त्या साली काय शिजले, ते कोणी लिहिले नाही. बायांची नावे तर क्वचितच सापडतात. मग अभ्यासक वेठीच्या तक्रारी, साऱ्याच्या याद्या असे कागद धुंडाळतात आणि गरिबाचा माग काढतात. असे का करावे लागते? लेखणी थोड्यांच्या हाती होती. ज्याच्या हाती लेखणी, त्याचे म्हणणे टिकले. बाकीचे वाऱ्यावर गेले.

पाटीलकीची वतने रद्द करणारा कायदा १९६२ साली झाला. आता ग्रामसभेच्या वहीत ठराव लिहितात. तोही कागदच. पुढे शंभर वर्षांनी कोणी ती वही उघडील आणि तुमचे गाव कसे होते ते त्यावरून ठरवील.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. वही पुढे आली की आधी वाचा, मग सही करा. आपण बोललो ते त्यात नसेल, तर ‘हेही लिहा’ म्हणून सांगा. आता तुम्हाला अक्षर येते.