गप्प झालेल्या माणसाकडे आधी जा
(शाखा सचिवांच्या शिबिरात केलेले भाषण)

साथींनो,

२०१९ साली आयबीएम कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख गिनी रोमेटी यांनी सांगितले की, कोणता कर्मचारी नोकरी सोडणार हे आमचा संगणक ९५ टक्के अचूक ओळखतो. मी मॅट्रिक झालेला माणूस, संगणकाशी माझे भांडण नाही. पण मालक हे ओळखतो ते स्वतःच्या फायद्यासाठी. आपण ओळखायचे ते कामगाराचे नुकसान टाळण्यासाठी.

माझ्या शाखेत जुन्या पेन्शनचा एक गँगमन होता. बदलीचा अर्ज तीनदा परत आला. गावी आई अंथरुणावर, रजा संपलेली. पूर्वी गेट मीटिंगला तावातावाने बोलणारा हा माणूस गप्प झाला. पीएफमधून पैसे काढले, सोसायटीचे कर्ज फेडले, बिऱ्हाड गावी पाठवले. हे सारे आम्हाला दिसत होते. आम्ही म्हटले, घरची अडचण असेल. एके दिवशी त्याने रागाने राजीनामा दिला, तो मंजूरही झाला.

नोकरी १९ वर्षांची. राजीनाम्याने मागची सारी सेवा बाद होते, म्हणून पेन्शन गेली. आणखी एक वर्ष काढले असते, तर २० वर्षे भरून, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता आली असती आणि पेन्शन सुरू झाली असती. ही चूक त्याची एकट्याची नाही. मी सेक्रेटरी होतो, मी त्याच्या क्वार्टरवर गेलो नाही.

म्हणून सांगतो, रेल्वे असो की पोस्ट, खुणा ओळखा. ज्याने राजीनामा लिहिला असेल त्याला सांगा, मंजूर होण्याआधी तो मागे घेता येतो. जो पोरगा दुसऱ्या सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसतो त्याला अडवू नका. अर्ज खात्यामार्फतच करायला लावा, म्हणजे रीतसर परवानगीने जाताना मागची सेवा जोडली जाते. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या एनपीएसवाल्यांना सांगा, घाईने खाते बंद करू नका, ते पुढे चालू ठेवता येते.

आणि अर्ज परत येण्याचे कारण असेल तर ते प्रशासनापुढे मांडा. एकाची बदली अडते तेव्हा दहाजणांची अडलेली असते.

परत गेल्यावर आपापल्या शाखेत पाहा, सभेला यायचे कोणी बंद केले आहे. त्याच्या घरी आधी जा.

कामगार एकजुटीचा विजय असो!